दिवा आधी, माणूस मागून

१

कुंभगाळीच्या पुंडलिक मास्तरांना पेवानं गिळलं, ही बातमी दुधाच्या किटल्यांबरोबर तालुक्याच्या ठाण्यात पोचली, तेव्हा फौजदार यशवंत घाडी दाढीला साबण लावून बसला होता. 'गिळलं' हा शब्द ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली. वाघ गिळेल, सुसर गिळेल, पण जमिनीनं माणूस गिळल्याची फिर्याद त्यानं आजवर नोंदवून घेतली नव्हती. अर्धी दाढी तशीच पुसून तो जीपमध्ये बसला.

पौषातली थंडी रानात चांगलीच मुरली होती. सुपा धरण भरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि पाण्याकडून येणारं धुकं सूर्य वर आला तरी हलायचं नाव घेत नव्हतं. गणेशगुडीची वाट सोडून जीप आत वळली, दोन ओढे ओलांडले आणि लाडू गावड्याच्या शेताशी थांबली. उतारावरचं पायऱ्या-पायऱ्यांचं भातशेत. कापणी होऊन गेलेली. बांधावर अख्खं गाव गोळा झालं होतं आणि कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं.

शेताच्या मध्यावर एक भोक होतं. माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड आणि आत रांजणासारखं फुगत गेलेलं, जांभ्या दगडात कोरलेलं पोट. हेच पेव. जमिनीच्या पोटातली धान्याची कोठी. मिरगात नांगरताना लाडूच्या बैलाचा पाय एका पेवात गेला, त्यावरून शोधता शोधता शेतात सहा पेवं निघाली. कुणी कोरली, कधी कोरली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणायचे, इतिहास लिहायची सुरुवात व्हायच्या आधीची ही माणसं. पेवांतून निघालेली काळ्या-तांबड्या मडक्यांची खापरं त्यांनी शाळेच्या खिडकीत मांडून ठेवली होती.

आता मास्तर स्वतःच बांधावर मांडून ठेवल्यासारखे पडले होते. तिशीचा सडपातळ माणूस. अंगावर जखम नाही, वळ नाही. ओठ निळे पडलेले. पायांत चपला तशाच.

"वर कुणी काढलं?" यशवंतनं विचारलं.

"म्या." गर्दीतून एक काळासावळा जवान पुढं आला. कान्हू. पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगरात राहिलेला कुणबी. "सकाळी मास्तरास्नी दिलेली माझी दोरी हितं बांधलेली दिसली. वाकून बगितलं तर मास्तर. मग फांदी बांधून वरखाली हालवली, आतली घाण हवा काढली, माझा दिवा सोडला, आन्‌ मगच उतरलो."

"म्हणजे आत हवा वाईट होती?"

"हे पेव आता आता उघडलं, साहेब. तळाला पावसाचं पानी मुरून जुनं तूस कुजलंय. आठ-धा रोज उघडं ठेवल्याबिगर कोन उतरनार? दिवा आधी, माणूस मागून. दिवा विझला तर पाय मागं घ्यायचा. मास्तरास्नी म्याच शिकवलं हुतं."

"आणि मास्तर विसरले?"

कान्हूनं मान हलवली. "विसरत न्हवते. रोज दुपारी यायचे, दिवा सोडायचे, विझला की हसून घरला जायचे."

यशवंतनं पेवाच्या तोंडाशी वाकून पाहिलं. खुंटीला बांधलेल्या सुतळीला एक चिमणी लटकत होती, मास्तरांची रॉकेलची साधी चिमणी, पेवात निम्म्यावर. त्यानं ती वर ओढली. वात विझलेली आणि रॉकेल काठोकाठ. पेटवून खाली सोडल्याबरोबर विझली होती ती. म्हणजे मास्तरांनी ती विझताना आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि तरीही ते उतरले होते.

२

गावात अफवांचं पेव फुटायला दुपारसुद्धा व्हावी लागली नाही. कुणी म्हणालं पेवाचा राखणदार कोपला, कुणी म्हणालं मास्तरांनी गुप्तधनाच्या हंड्यांसाठी उडी घेतली. हवालदार मारुतीनं मात्र आपला निकाल केव्हाच लावून टाकला होता.

"कान्हूच, साहेब. सगळं गाव सांगतंय. गेल्या आठवड्यात दुकानावर दोघांची कडाक्याची वाजली. कान्हू म्हणाला, त्या पेवात हात घातलास तर परत येणार न्हाईस."

"धमकी देणाऱ्यानं प्रेत स्वतःच वर काढलं?"

"तीच तर हुशारी!"

मारुतीला हुशारी सगळीकडं दिसायची, फक्त आरशात सोडून. यशवंतनं त्याला उत्तर दिलं नाही. त्यानं फांदी बांधून आत हवा खेळवून घेतली, चिमणी सोडली, ती बराच वेळ जळू दिली आणि मग जांभ्यात कोरलेल्या खोबणींवर पाय देत स्वतः पेवात उतरला.

आत ओल्या मातीचा आणि कुजक्या तुसाचा वास होता. तळाचा चिखल काळा होता. पण त्या काळ्या चिखलावर नव्या भाताच्या पेंढ्याच्या चार-सहा पिवळ्याधमक काड्या पडल्या होत्या. यंदाचा पेंढा. हजारो वर्षांच्या पेवात यंदाचा पेंढा कुठून आला? त्यानं चिमणी भिंतीशी नेली. दगडावर वरपर्यंत ताज्या ओरखड्यांची ओळ गेली होती, लोखंडानं ओढून काढल्यासारखी. दोरी किंवा चपला असे ओरखडे काढत नाहीत.

वर येताना पेवाच्या तोंडाजवळच्या गवतात त्याचा हात एका थंड वस्तूवर पडला. दाढीचा छोटा आरसा. काच तडकलेली.

"मास्तरांचा," कान्हू म्हणाला. "ऊन धरून तळ बगायचे त्यातनं. जपायचे लई. फडक्यात गुंडाळून खिशात ठेवायचे."

जपून ठेवायची वस्तू हातातून टाकून दिलेली. खोबणीवर पाय घसरतो म्हणून एरवी काढून ठेवायच्या चपला पायात तशाच. दिवा विझलेला दिसतोय, तरी माणूस आत. हा माणूस पेवात उतरला नव्हता, धावला होता.

पण कशाकडे?

३

शेवटचं पेव शेताच्या खालच्या अंगाला होतं, झावळ्यांनी झाकलेलं. मारुतीनं झावळ्या बाजूला केल्या आणि शीळ घातली. आत शिसवाच्या कापलेल्या फळ्या एकावर एक रचल्या होत्या. सरकारी रानातलं लाकूड, चोरीचं.

रामनगरचा व्यापारी नारायण शेट गावातच दुकान थाटून होता. त्याला बोलावलं तेव्हा तो घामानं निथळत होता, त्या थंडीत.

"लाकूड माझं न्हाई म्हणत न्हाई, साहेब. मास्तरनं बघितलं बी हुतं. पण मी त्याला मारीन व्हय? काल दिसभर मी जोयड्याला हुतो. रेंजर साहेबांच्या हापिसात. लाकडाच्याच दुसऱ्या भानगडीत."

चोरीच्या गुन्ह्यासाठी रेंजरपुढं उभा असलेला माणूस खुनाच्या आरोपातून सुटला होता. यशवंतला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "कान्हू आणि मास्तरांचं भांडण कशावरून झालं?"

"मास्तर म्हणाला, संक्रांतीनंतर धारवाडची मोठी माणसं येणार, पेवं बघणार. कान्हू म्हणाला, आमच्या वाडवडलांची जागा हाय, शहरातल्यांनी बूट घालून उतरायचं न्हाई. एवढंच. मी आपलं ऐकलं."

"आणि गावभर पसरवलं," यशवंत म्हणाला.

शेताचा मालक लाडू गावडा बांधावरच बसून होता. साठी ओलांडलेला, हाडापेरानं मोठा, पण आतून खचलेला माणूस. त्याचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. सरकारनं दिलेल्या वस्तीत पहिल्याच वर्षी तापानं त्याचा मुलगा गेला. मग सून आणि नात घेऊन तो या उतारावर आला. सोयऱ्यांच्या ओळखीनं मिळालेली पडीक जमीन सासरा-सुनेनं दोघांनी मिळून फोडली, बांध घातले, भात पिकवलं.

"काल दुपारी तुम्ही कुठं होता?"

"वरच्या अंगाला. लाकडं फोडत हुतो."

"काही ऐकलंत?"

"काय न्हाई, बाबा." म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. "सून तेवढी पोरीला हाका मारत हुती. पुतळे, पुतळे म्हनून. मग गप झाली. म्हटलं, गावली असंल पोर."

लाडूचं घर शेताला लागूनच होतं. कुडाच्या भिंती, वर गवत. सून केशर बाहेर आली, तिनं तांब्याभर पाणी ठेवलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पंचविशीची बाई, पण हात चाळिशीचे वाटत होते. तिच्या पदराआडून चारेक वर्षांची पुतळी डोकावत होती. तिच्या अंगावर आईचं जुनेर चौपदरी गुंडाळलेलं होतं आणि ती सारखी शिंकत होती.

"मास्तर कसे होते?" यशवंतनं विचारलं.

"देवमाणूस." केशरचा आवाज सरळ होता. "पोरीवर लई जीव हुता त्यांचा. शाळा सुटली की तिला खांद्यावर घेऊन फिरायचे. आमच्यातच जेवायचे."

"काल दिसले?"

"मी खळ्यावर मळणी करत हुते. माझं ध्यान न्हवतं."

यशवंत पाणी प्यायला. अंगणाच्या कुडावर एक लहानशी वाकळ वाळत घातली होती, रंगीबेरंगी चिंध्यांची, एका पोराच्या अंगापुरती. अजून पाणी गळत होतं तिचं. पुतळी पुन्हा शिंकली. यशवंतला घरची आठवण आली, आपल्या धाकटीलाही सर्दी झालीय असं मनात आलं आणि तो उठला. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं पुढं त्यानंच स्वतःला ऐकवलं. त्या क्षणी मात्र तो सरळ जीपकडं गेला.

कारण मारुती पळत येत होता. त्याच्या हातात लोखंडी गळ होता, विहिरीत पडलेली कळशी काढायचा, चार आकड्यांचा. "साहेब! कान्हूच्या माळ्यावर सापडला!"

यशवंतनं गळ पेवाच्या भिंतीवरच्या ओरखड्यांना लावून पाहिला. आकडे अचूक बसले.

४

कान्हूला त्या दिवशी कोठडीत घातलं. उद्या सकाळी त्याला कोर्टापुढं उभं करायचं होतं, आणि एकदा कागद पुढं सरकले की ते मागं घेणं फौजदाराच्या हातात राहणार नव्हतं, हे यशवंतला चांगलं ठाऊक होतं. गावाला आरोपी मिळाला होता, मारुतीला शाबासकी मिळणार होती. फक्त यशवंतला दोन प्रश्न सोडत नव्हते. कान्हूनं मास्तरांना मारलं असेल, तर गळानं काय उपसलं? आणि मास्तर कान्हूसाठी पेवात का धावले असते?

संध्याकाळी ठाण्याच्या पायरीवर कान्हूची बायको शांती येऊन बसली. दिवस भरत आलेले. रानातून एवढी वाट ती चालत आली होती. यशवंतनं तिला खुर्ची दिली, तर ती जमिनीवरच बसली.

"गळ आमचाच, साहेब. गावात एकच हाय. पर काल त्यो आमच्याकडं न्हवता. केशरक्कानं नेला हुता. कळशी पडली म्हनाली."

मारुती हसला. "नवऱ्याला वाचवायला बायको काय बी सांगंल!"

शांतीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सकाळी पुतळीला माज्याकडं सोडलं, जेवन घातलं पोरीला, आन्‌ तवाच गळ घेऊन गेली. पोर दिसभर आमच्यातच. माज्या मांडीवर निजली. दिवेलागनीला केशरक्का आली, गळ दिला, पोरीला नेलं. माळ्यावर म्या टांगला."

यशवंतनं हातातली लेखणी खाली ठेवली.

"परत सांगा. पुतळी तुमच्याकडं केव्हापासून होती?"

"सकाळधरनं."

"तिच्या आईनंच सोडली?"

"व्हय. म्हनाली, मळणी हाय, पोर मधी मधी येती."

यशवंत उठून खिडकीशी गेला. बाहेर बाजार उठत होता. आपलं मूल कुठं आहे हे ज्या बाईला सकाळपासून माहीत होतं, ती दुपारी त्याच मुलाला शेतात हाका का मारत होती? आणि हाका मारून झाल्यावर ती गप्प का झाली?

तो झटकन वळला. त्यानं कपाटातून गळ काढला आणि कंदिलापुढं धरला. एका आकड्याच्या वळणात एक सूत अडकलं होतं. निळ्या रेघांच्या सदऱ्याचा असतो तसला धागा.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं. पण संन्याशाला सुळीवरून उतरवायचं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी तिच्यावर चढवायचं होतं, आणि तो कोण हे आता त्याला कळलं होतं. कळल्याबरोबर ते कळायला नको होतं असंही त्याला वाटलं. चार वर्षांची पुतळी जुनेर गुंडाळून त्याच्या डोळ्यांपुढं शिंकत होती.

५

सकाळी धुकं विरायच्या आत यशवंत कुंभगाळीला पोचला. सोबत मारुती होता, पण त्याला तोंड उघडायचं नाही अशी सक्त ताकीद होती. रात्री जीपनं घरी सोडलेल्या शांतीकडं पुतळीला पाठवून दिलं. केशर अंगणात उभी होती. लाडू ओट्यावर बसला होता. वाकळ अजून कुडावरच होती, ओलसर.

यशवंतनं वाकळीचा कोपरा हातात घेतला. चिंध्यांच्या मधोमध निळ्या रेघांचा एक मोठा तुकडा होता आणि त्याची एक कड उसवून फाटली होती. खिशातून त्यानं धागा काढून तिथं लावला.

"केशरबाई, आमच्याकडं खानापुरात वाकळा नवरात्रात घट बसायच्या आधी धुतात. तुमच्याकडं?"

"तसंच," ती म्हणाली.

"मग पौषात का धुतलीत? दोन दिवस वाळत नाही. पोर रात्री थंडीनं कुडकुडतेय. घरात दुसरं पांघरूण नाही. एवढी निकड कसली होती?"

केशरनं पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"मी सांगतो, चुकलं तर थांबवा. तुम्ही पुतळीला शांतीकडं सोडलीत. वाकळीत पेंढा भरलात, पोर निजलंय असं वाटावं अशी वळकटी केलीत आणि ती पेवात टाकलीत. मास्तर रोजच्यासारखे आले. त्यांनी चिमणी सोडली, ती विझली. ते माघारी फिरले असते. रोज फिरायचे. पण तुम्ही बांधावरून पुतळीला हाका मारू लागलात. मास्तरांनी आरसा काढला, ऊन आत टाकलं आणि त्यांना ही वाकळ दिसली. त्यांनी खांद्यावर घेऊन फिरवलेल्या पोरीची." यशवंतनं वाकळीचा कोपरा सोडला. "मग कसला दिवा आणि कसलं काय! खाली लेकरू असलं की दिवा विझलाय हे डोळ्यांना दिसतं, पायांना दिसत नाही. त्यांनी आरसा टाकला, चपला काढायला वेळ घेतला नाही. श्वास धरून जाऊ, पोर उचलू, वर येऊ, एवढंच त्यांच्या मनात असणार. तुम्ही त्यांना हातसुद्धा लावला नाहीत."

ओट्यावर लाडूनं कपाळावर हात मारला. "केशर, पोरी, काय म्हनतोय गं ह्यो? न्हाई म्हन की त्येला!"

केशर सासऱ्याकडं बघत राहिली. मग ती हळूच खाली बसली.

"न्हाई कसं म्हनू, मामंजी."

यशवंतनं विचारलं, "वाकळ तिथंच सोडली असतीत, तर पोर खेळता खेळता टाकून गेली असंच सगळे समजले असते. सुटला असता तुम्ही. परत का काढलीत?"

ती चिडलीच. इतका वेळ सरळ असलेला तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "जित्या लेकराची वाकळ मेलेल्या मानसापाशी टाकून येऊ व्हय? माझ्या पोरीला ओढून नेलं असतं त्येनं! आन्‌ जाळू बी कशी? जित्याचं कुनी जाळतं?" तिनं त्या निळ्या तुकड्याकडं बोट केलं. "ह्यो तिच्या बापाचा सदरा. एवढाच ऱ्हायलाय त्येचा. चिकलानं भरली हुती, धुतली."

"आणि मास्तरांनी तुमचं काय केलं होतं?"

"काय बी न्हाई." आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "लई चांगले हुते. जेवताना म्हनाले, केशरक्का, धारवाडचे साहेब येतील, तुझ्या शेताचं नाव पुस्तकात छापून येईल. म्हटलं, मग शेत कुनाचं? तर हसले. म्हनाले, सरकार घेईल जमीन, भरपाई देईल की. हसत म्हनाले, साहेब. सुप्याला बी सरकारी साहेब असंच हसत आले हुते. भरपाई देतो म्हनाले. घर पान्यात गेलं, देव पान्यात गेला, मालक तापानं गेले, त्येंची राख म्या हितं आनून त्या बांधाखाली पुरली. म्हटलं, आता कुनी उठवनार न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पाया पडले मी त्येंच्या. म्हटलं, मास्तर, बोलू नका कुनाला. बुजवून टाकू पेवं. तर म्हनाले, एवढी मोठी गोष्ट लपवायची नसते."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे यशवंतला माहीत होतं. इथं ताक देणाऱ्याचाच जीव गेला होता. त्याला त्या मेलेल्या मास्तरचा क्षणभर राग आला आणि लगेच आपल्याला तो आला म्हणून लाज वाटली. भाबड्या माणसाला मरणाची शिक्षा असते काय? नसते. पण त्या बाईकडं बघून तोंड भरून शिव्या घालाव्यात, असंही त्याला जमेना.

"कान्हूला कोठडीत घातलं, तेव्हा गप्प कशा बसलात?" त्यानं विचारलं. "शांतीचे दिवस भरलेत. तुमच्याच पोरीला तिनं दिवसभर मांडीवर घेतलं."

केशरनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मारुतीनं पंचनामा लिहिला. दोन पंचांनी अंगठे उठवले. वाकळ घडी करून, कापडात शिवून, वर लाखेचा शिक्का मारायचा होता. मुद्देमाल तो. जीपमध्ये बसता बसता केशर मागं वळली.

"साहेब, रात्री लई थंडी पडत्या. वाळली की पोरीला द्या ती."

यशवंतनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली होती, ती वाऱ्यानं दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच ती हाताच्या आडोशाला धरली.

कान्हू त्याच दुपारी सुटला. पुढच्या आठवड्यात शांतीला मुलगा झाला. खटल्याची बातमी पेपरात आली आणि तिच्यापाठोपाठ धारवाडची माणसंही आली. मास्तर जिवंत असते तर कदाचित आली नसती एवढ्या लगबगीनं आली. त्यांनी सहाही पेवं मोजली, फोटो काढले, शेताला काटेरी तार मारली आणि पाटी लावली. तारेच्या आत राख पुरलेला तो बांधही गेला. लाडू नातीला घेऊन रामनगरला सोयऱ्यांच्या पडवीत राहायला गेला. म्हातारा दुसऱ्यांदा उठला, तो पुन्हा कुठं धड बसला नाही.

निकाल लागून केशरला जन्मठेप झाली आणि कोर्टानं मुद्देमाल परत द्यायचा हुकूम केला, त्याला बरीच वर्षं लागली. तोवर यशवंतची दुसरीकडं बदली झाली होती. तरी तो रजा काढून आला, कापडात शिवलेलं गाठोडं सोडवून घेतलं आणि रामनगरला गेला. पुतळी शाळेतून नुकतीच आली होती. तिनं वाकळ उलगडली, निळ्या रेघांच्या तुकड्यावरून हात फिरवला आणि तिथंच, भर दुपारी, अंगावर ओढून घेतली. तिचे दोन्ही पाय बाहेर राहिले.